जावयाच्या गाडीची राखण

दिपमालाच्या लग्नात वरात मांडवाच्या तोंडाशी आली तेव्हा नवरीचा बाप जागेवर नव्हता. शोधाशोध झाली. भिकन आबा केळीच्या बागेत सापडले. नवा पायजमा गुडघ्यापर्यंत वर खोचून ते ठिबकची निसटलेली नळी बसवत होते. पाचोरा तालुक्यात अजूनही भिकन वना महाजन हे नाव निघालं की कुणीतरी हा किस्सा सांगतं. आबांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. सकाळी एक फेरी आणि संध्याकाळी एक फेरी हा त्यांचा नेम. लग्न संध्याकाळचं होतं, फेरीची वेळ झाली होती.

पाचोऱ्याहून जामनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची बाग आहे. वडील कापूस लावत. आबांनी रावेरकडून कंद आणून केळी लावली, तेव्हा शिवारात कुणाकडे केळी नव्हती. पश्चिमेच्या बांधावर त्यांनी गजराज गवताची भिंत उभी केली, कारण वैशाखात तिकडून येणारा वारा पानं चिरून टाकतो. पीक रोज दोनदा बघितलं की ते आपल्याला काही लपवत नाही, एवढंच त्यांचं शेतीशास्त्र. त्यावर त्यांनी तीस-पस्तीस वर्षं काढली आणि ते खोटं ठरलं नाही.

लपवलं ते दिपमालाच्या शरीराने. ती धुळ्याला राहते. नवरा प्रेमराज शिरपूरच्या एका कॉलेजात शिकवतो आणि रोज जाऊन-येऊन करतो. लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या पायांवर सूज यायला लागली. तपासण्या झाल्या तेव्हा दोन्ही मूत्रपिंडं जवळपास निकामी झालेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. आहाराच्या बाईंनी सांगितलेल्या वर्ज्य पदार्थांत केळं पहिलं होतं. त्यात पोटॅशियम असतं आणि अशा रुग्णाला ते घातक ठरू शकतं. आबा धुळ्याला लेकीकडे जाताना आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हाताने गेले.

मूत्रपिंड द्यायला आबा तयार होते. रक्तगट जुळत होता. अहमदाबादच्या डॉक्टरांनी त्यांची तपासणी केली आणि त्यांना मधुमेह असल्याचं निघालं, जे त्यांना तोवर ठाऊकही नव्हतं. मग त्यांच्या बायकोची, सुंदरबाईंची तपासणी झाली. त्यांचं सगळं जुळलं. "दवाखान्यानं मला परत पाठवलं," आबा घरी आल्यावर म्हणाले. "कामाचा नाही म्हणाले." डॉक्टरांनी तसं म्हटलं नव्हतं, पण आबांना ऐकू आलं ते तसंच.

शस्त्रक्रियेसाठी आणि नंतरच्या देखरेखीसाठी दोन-तीन महिने अहमदाबादला राहणं भाग होतं. सुंदरबाई, दिपमाला आणि प्रेमराज जाणार होते. बाग सोडता येत नव्हती म्हणून आबा राहणार होते. उरला प्रश्न प्रेमराजच्या गाडीचा.

ती विजेवर चालणारी होती. शिरपूरच्या रोजच्या फेऱ्यांसाठी त्याने घेतली होती. पुढे दिपमालाला डायलिसिसला नेण्यासाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी गाडी नव्हती. डिझेलच्या वासाने दिपमालाला उलटी होते. हिला वास नाही, आवाज नाही, धक्का नाही. धुळ्याच्या इमारतीत गाडी उभी करायला छप्पर नव्हतं आणि पुढे सगळा उन्हाळा होता. अहमदाबादला धर्मशाळेत खोली मिळाली होती, तिथे गाडी लावायला जागा नव्हती. म्हणून प्रेमराजने ती सासऱ्यांच्या केळी भरण्याच्या शेडमध्ये आणून लावली.

"आबा, हिची मोठी बॅटरी तळाशी आहे," त्याने समजावलं. "पूर्ण भरून ठेवली तर उन्हाळ्यात तिचं आयुष्य कमी होतं. रिकामी ठेवली तरी खराब होते. साठ टक्क्यांवर ठेवून जातोय."

"पाऊण घड," आबा म्हणाले.

"काय?"

"लांबच्या बाजारात जायचा घड पाऊण भरला की कापतात. पूर्ण भरला की वाटेत पिकतो. कोवळा कापला की पिकतच नाही."

प्रेमराज हसला. तसंच समजा, म्हणाला.

मग त्याने दोन फेऱ्या मारायला लावून आबांना गाडी चालवायला शिकवलं. दुसऱ्या फेरीत आबांनी गाडी केळीच्या कापलेल्या खांबांच्या ढिगात घातली. आवाजच नसल्यामुळे ती चालू आहे हे त्यांना कळलं नव्हतं. नुकसान काही झालं नाही, पण प्रेमराजने नियम घालून दिला. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं तर गाडी चालू होते, तसं करायचं नाही. नुसतं बटण दाबलं तर फक्त पडदा उजळतो आणि आकडा दिसतो. अधूनमधून तेवढं बघायचं. गाडी चालू करायची ती एकदाच. ज्या दिवशी ते परत येतील त्या दिवशी आबांनी ती जळगाव स्टेशनला आणायची, पुढे प्रेमराज चालवेल. प्रत्यारोपणानंतर रुग्णाला संसर्गाची भीती फार असते. गर्दीची बस नको, अनोळखी माणसांची गाडी नको, स्टेशनवरून स्वतःच्या बंद गाडीत थेट घर, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

"एवढं काम तुमच्याकडे," प्रेमराज म्हणाला.

आबांनी किल्ली बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. बायको शरीराचा तुकडा देणार होती. जावयाने बिनपगारी रजा टाकली होती. बापाच्या वाट्याला ही किल्ली आली होती.

केळी कशी वाचवायची हे ज्याला माहीत आहे, त्याने गाडीही तशीच वाचवली. शेडच्या पत्र्याखाली त्यांनी हिरव्या जाळीचे दोन थर ताणले. पश्चिमेच्या उघड्या बाजूला बांबूवर वाळल्या पानांचा कूड उभा केला. उन्हं वाढली तशी पत्र्यावर ओली पोती टाकली आणि ती ओली राहावीत म्हणून रोपांच्या वाफ्यावरचे फवारे काढून वर नेऊन बसवले. बाहेर पारा चव्वेचाळीसच्या पुढे जायचा तेव्हा शेडमध्ये माणूस बऱ्यापैकी बसू शकायचा. बागेत पूर्वीपासून कामाला असलेला उखर्डू हे सगळं बघत होता.

"आबा, केळीले पानी कमी नं गाडीले फवारा," तो म्हणाला. "केळी तुमनावर रुसनार शे."

"केळी मनी शे. समजाडी लिसू. गाडी जवाईनी शे."

"मंग तं गाडी म्हंजे जवाईच. आखाजी उनी, तिले बी पाट मांडा. आंबाना रस वाढा."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. त्या वर्षी आबांच्या घरी चूल उखर्डूच्या बायकोने येऊन पेटवली. पितरांसाठी घागर भरली गेली. झोका कुणी बांधला नाही.

अधूनमधून म्हणजे किती, हे प्रेमराजने सांगितलं नव्हतं. आबांना विचारायची गरज वाटली नाही. सकाळी बागेची फेरी झाली की ते शेडमध्ये येत, पाय पुसून गाडीत बसत, ब्रेकपासून पाय जपून लांब ठेवून बटण दाबत. पडदा उजळे. साठ. संध्याकाळी पुन्हा. साठ. कधी एकोणसाठ दिसलं की त्यांचा दिवस खराब जायचा, पण असं फारच क्वचित झालं. अहमदाबादचा फोनही ते गाडीतच बसून घेत. बाहेर मजुरांचा आणि ट्रकचा गलका असे, आत शांत. पडदा उजळलेला असे, डोक्यावरचा छोटा दिवा लागलेला असे, एक पाय उघड्या दारातून बाहेर.

"आबा, गाडी कशी आहे?" प्रेमराज विचारे. हा पहिला प्रश्न.

"साठ. तिकडे?"

"एक पूर्णांक दोन."

हे शस्त्रक्रियेनंतरचं, दिपमालाच्या रक्तातलं क्रिएटिनिन. नवं मूत्रपिंड नीट काम करतंय की नाही ते त्यावरून कळतं. आबांना त्याचा अर्थ एवढाच माहीत होता की हा आकडा जिथे आहे तिथे राहिला पाहिजे. गाडीच्या आकड्याचंही तेच होतं. मग फोन सुंदरबाईंकडे जाई.

"जखम दुखते का?"

"नाही. तुम्ही जेवता का वेळेवर? साखर तपासली?"

"तपासली."

"खोटं."

"तपासतो उद्या."

दिपमालाला फोनवर फार बोलू देत नसत. ती एखाद-दुसरं वाक्य बोले. एकदा म्हणाली, "आबा, मला स्वप्नात केळी दिसतात." आबा म्हणाले, दिसू दे, स्वप्नातल्यात पोटॅशियम नसतं. ती हसली तेव्हा मागून सुंदरबाई ओरडल्या, टाके आहेत, तिला हसवू नका.

प्रेमराजच्या मोबाईलवरही गाडी दिसायची. त्यातल्या एका ॲपवर कुठे उभी आहे, किती टक्के आहे, आत किती उकाडा आहे, सगळं कळायचं. वॉर्डच्या बाहेरच्या बाकड्यावर तासन्‌तास बसून त्याला दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. तो ते उघडून बघायचा. आत बायको आणि सासू, आणि इथे आपण नुसते बसलेले, असं वाटलं की पुन्हा बघायचा.

परतीची तिकिटं काढून झाली. जळगावला पहाटे उतरायचं ठरलं. आबांनी एका सुट्टीच्या दिवशी बसने जळगावला जाऊन स्टेशनसमोर गाडी कुठे उभी करता येईल ते बघून ठेवलं. तिथल्या रिक्षावाल्यांना विचारलं, इथे लावली तर चालेल का. एकजण म्हणाला, आबा, विमान आणताय का.

आणि त्या आठवड्यात एका सकाळी किल्लीचं बटण दाबल्यावर दार उघडलं नाही.

आबांनी पुन्हा दाबलं. जवळ जाऊन, दाराला टेकवून दाबलं. एरवी दिवे एकदा लुकलुकायचे, ते लुकलुकले नाहीत. त्यांनी काचेला डोळे लावून आत पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. धूळही नव्हती. ते शेडच्या बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले आणि पुन्हा आत आले. उखर्डूने विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणाले.

त्या संध्याकाळी ते फोन घेऊन बांधावर बसले.

"आबा, गाडी मोबाईलवर दिसत नाहीये," प्रेमराज म्हणाला. "बरी आहे ना?"

"बरी आहे. वारं फार सुटलंय, गाडीला रेंज मिळत नसेल."

"साठच ना?"

"साठच. तिकडे?"

या वेळी आकडा आला नाही. "बरं आहे," प्रेमराज म्हणाला. "तेवढंच."

सुंदरबाई औषध घेऊन झोपल्यात, असं त्याने सांगितलं. दिपमालाचाही आवाज त्या दिवशी ऐकायला मिळाला नाही. आबांच्या ते लक्षात आलं, पण आपल्याच खोटेपणाने ते इतके घाबरले होते की दुसऱ्याच्या आवाजाकडे त्यांचं पुरतं ध्यान नव्हतं. सासऱ्याने जावयाच्या वस्तूचा घात केला, ही गोष्ट त्यांच्या डोक्यातून जाईना. रात्रभर ते एकच गणित मांडत राहिले. जाळी होती, कूड होता, पोती ओली होती. मग ऊन आत शिरलं कुठून?

दुसऱ्या दिवशीही त्यांनी साठच सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाचोऱ्याहून नवलला बोलावलं. त्याचं ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान आहे. नवलने किल्लीच्या पोटातून लोखंडी किल्ली बाहेर काढली. ती तिथे असते हे आबांना माहीत नव्हतं. त्याने दार उघडलं, पुढचं झाकण उचललं आणि कोपऱ्यातल्या एका साध्या काळ्या डब्याला मीटर लावलं. तो डबा ट्रॅक्टरच्या बॅटरीपेक्षाही लहान होता.

"ही गेली," तो म्हणाला. "खालची मोठी बहुतेक ठणठणीत असेल. ही छोटी मेली की दार नाही, दिवा नाही, काही नाही. मोठीला जागं करणारी हीच."

"मग कर जिवंत."

"दुसरी बॅटरी आणून वायर लावली तर कदाचित होईल. पण आबा, तुमच्या ट्रॅक्टरला मी डोळे मिटून हात लावतो. हिच्या तळाशी तीनशे-चारशे व्होल्ट झोपलेत. काही उलटसुलट झालं तर तुमच्या जावयाला मी काय तोंड दाखवू? तुम्ही त्यांना फोन लावा. ते हो म्हणाले की लगेच लावतो."

आबांनी फोन लावला. दुपारची वेळ होती, एरवी ते दुपारी कधी फोन करत नसत. प्रेमराजने पहिल्याच घंटेला उचलला.

"आबा? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काय सांगितलं?"

मग आबांनी आधी आपलं सांगून टाकलं. गाडी दोन दिवसांपासून बंद आहे, मी खोटं बोललो, नवल इथे उभा आहे. प्रेमराजने मध्ये एकदाही टोकलं नाही. आबांचं संपल्यावर तो म्हणाला, "असू द्या. आम्हीही तुम्हाला सांगितलं नाही. परवापासून क्रिएटिनिन वाढतंय. ताप आहे. शरीर आईंचं मूत्रपिंड स्वीकारत नाहीये असं डॉक्टरांना वाटतंय. उद्या सुईने तुकडा काढून तपासणार आहेत."

"किती झालं?"

प्रेमराजने आकडा सांगितला. आबांनी तो ऐकला आणि नवलकडे पाठ केली.

गाडीचं त्याने तेवढ्यातही सांगितलं. बाहेरच्या माणसाने हात लावला तर मोठ्या बॅटरीची हमी जाते, तेव्हा नवलभाऊंना नको म्हणा, कंपनीला मीच कळवतो. त्याने कळवलं. नाशिकहून माणूस येईल असं उत्तर मिळालं. कधी येईल ते कंपनीच्या फोनवरच्या मुलीला सांगता येत नव्हतं. ती दर वेळी नव्याने गाडीचा नंबर विचारत होती.

नवलने मीटर पिशवीत टाकलं. चहा नको म्हणाला.

कंपनीचा माणूस आला तेव्हा परतीच्या तिकिटाचा आदला दिवस उजाडला होता. चुणचुणीत होता, कमी बोलणारा. सोबत आणलेल्या यंत्राच्या तारा त्याने छोट्या बॅटरीला लावल्या आणि ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. पडदा उजळला. गाडी चालायला तयार होती. या सगळ्याला एक कप चहा प्यायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

"मोठी बॅटरी उत्तम आहे," तो म्हणाला. "इतक्या उन्हाळ्यात अशी राहिलेली मी कमी पाहिली. सावली चांगली केलीत."

मग तो छोट्या बॅटरीकडे वळला.

"उघडत होतात का रोज?"

"सकाळ-संध्याकाळ. आकडा बघायला."

"बटण दाबून? ब्रेक न दाबता?"

"तसंच सांगितलं होतं."

माणसाने मान हलवली. त्याने जे सांगितलं ते असं. पडदा, दिवा, दारं, सगळं छोट्या बॅटरीवर चालतं. गाडी खरोखर चालू केली की मोठी बॅटरी छोटीला भरते. नुसता पडदा लावला की छोटी फक्त खर्च होते. शिवाय मालक मोबाईलवरून बघतात तेव्हाही गाडी दर वेळी जागी होते, आणि तोही खर्च हिच्याच खात्यावर. दोघांनी मिळून फार बघितलं. महिनोन्‌महिने गाडी उभी ठेवायची असेल तर छोटीची तार काढून ठेवायची आणि गाडीला विसरून जायचं.

हे सांगताना त्याच्या आवाजात ठपका नव्हता. उखर्डूने दिलेलं केळं तो सोलत होता.

"पडद्यावर छोटीचा आकडा दिसत नाही का?" आबांनी विचारलं.

"नाही. या गाडीत नाही दाखवत."

"मग माणसाला कळणार कसं?"

"नाही कळत," तो म्हणाला आणि केळं खाल्लं. "उद्या वापरणार आहात ना? मग छोटी बदलून जातो, काळजी नको."

आबांनी खिशातून फोन काढला. सकाळी त्यावर अहमदाबादचा एक फोन येऊन गेला होता, तो त्यांना उचलता आला नव्हता. त्यांनी लावला. प्रेमराज बोलला तेव्हा मागे ट्रॉलीच्या चाकांचा आवाज होता. तपासणीचा अहवाल आला होता, डॉक्टरांची शंका खरी निघाली होती. जास्त ताकदीची इंजेक्शनं सुरू केली होती, रक्तातलं काहीतरी गाळून काढणार होते, चार-सहा दिवसांत कळेल असं डॉक्टर म्हणत होते. तिकिटं त्याने रद्द केली होती.

"आई जागेवरून उठत नाहीयेत," तो म्हणाला. "म्हणतात, माझंच खराब निघालं. मी समजावून थकलो. आबा, तुम्ही या."

"येतो. आजच निघतो. इकडे कंपनीचा माणूस आलाय, गाडी—"

"गाडी राहू द्या आबा."

फोन बंद झाल्यावर आबांनी तो खिशात ठेवला. कंपनीचा माणूस विचारत होता, गाडी कधी लागणार आहे. माहीत नाही, आबा म्हणाले. मग त्याने नवी छोटी बॅटरी बसवली, तिची एक तार सोडवून कापडात गुंडाळली, झाकण लावलं आणि दार लोखंडी किल्लीने बंद केलं. आता ती मोबाईलवरही कुणाला दिसणार नव्हती.

आबांनी पिशवी भरली. दोन कपडे, सुंदरबाईंनी सांगून ठेवलेली चादर, साखरेच्या गोळ्या. सवयीने ते फण्या ठेवलेल्या केळ्यांच्या टोपलीकडे वळले आणि थांबले. उखर्डूला त्यांनी पाण्याच्या पाळ्या सांगितल्या. कोणता वाफा कोणत्या दिवशी, कोणत्या नळीला भोक पडलंय, कापणीवाले आले तर कोणते घड दाखवायचे. उखर्डू मान हलवत होता.

"आन गाडीनं?"

"तिले हात लावानं नही."

"देखानं बी नही?"

"देखानं बी नही."

उखर्डूने मोटारसायकल काढली आणि आबांना पाचोऱ्याला बसपर्यंत सोडलं.

जळगावहून सुरतकडे जाणाऱ्या रेल्वेत आबांना खिडकीची जागा मिळाली नाही. अमळनेरला एक म्हातारा चढला, दोंडाईचाचा होता, लग्नाहून परत चालला होता. त्याने तंबाखू पुढे केली, आबांनी नको म्हटलं. कुठे चाललात, त्याने विचारलं. अहमदाबादला, लेक दवाखान्यात शे, आबा म्हणाले. म्हाताऱ्याने तिला काय झालं ते विचारलं, मुलंबाळं आहेत का विचारलं, सोबत कोण आहे ते विचारलं. सगळ्याची उत्तरं ऐकून झाल्यावर त्याने तंबाखूची पिशवी मिटली.

"डाक्टर शेतस, जवाई शे, माय शे," तो म्हणाला. "तुम्ही तठे जाईसन काय करशात?"

आबांनी पिशवी मांडीवर घेतली.

"काय करसू? बसी ऱ्हासू."